आज लाईन कधी गेली?

हेमराज लांजेवार या माणसाने माझे बावीस दिवस खाल्ले. एक प्रोसेसर निवडायला. माझ्या मुलीचं लग्न याहून कमी दिवसांत ठरलं होतं, आणि त्यात पाहुणे दोनदा येऊन जेवून गेले होते.

दिवस मी मोजत होते, कारण ते संपले की काय होणार हे मला माहीत होतं. साकोलीत माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नं वर्षभर असतातच, पण दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. त्या वर्षी वडशाकडच्या एका नाटक मंडळाचं काम मला मिळालं होतं. दोन कॅमेऱ्यांनी केलेलं चित्रीकरण जुळवायचं, आवाज साफ करायचा आणि प्रयोगानंतर दोन दिवसांत पूर्ण नाटक मंडळाच्या चॅनेलसाठी तयार करून द्यायचं. ज्या गावात प्रयोग झाला त्या गावची पुण्याकडे, हैदराबादकडे गेलेली मुलं ते पाहायला टपलेली असतात, आणि दोन दिवसांनी त्यांचा उत्साह मावळतो. मंडळाच्या मॅनेजरने स्वच्छ सांगितलं होतं की दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. जमलं नाही तर नागपूरचा एक माणूस तयार आहे, सगळा हंगाम त्याला देऊन टाकू.

माझा जुना कॉम्प्युटर चार तासांच्या नाटकाला अकरा तास घेई. जुळवलेले तुकडे, रंग, आवाज हे सगळं एकत्र करून मशीन एक फाईल बाहेर काढतं, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. हे काम ज्या प्रोसेसरला जास्त थ्रेड असतील, म्हणजे जो एका वेळी जास्त कामं हाताशी धरू शकेल, तो लवकर उरकतो. एवढं मला कळत होतं. पस्तीस हजारांत बसेल असा, भरपूर थ्रेडचा प्रोसेसर टाकून नवीन कॉम्प्युटर बनवून हवा होता. यात बावीस दिवस घालवण्यासारखं काय आहे, ते मला आजही कळलेलं नाही. म्हणजे कळलं आहे, पण पटलेलं नाही.

हेमराजभाऊ आणि माझा नवरा वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात एका पाळीत होते. भाऊ तिथे इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये. कारखाना सुटल्यावर आम्ही साकोलीला आलो आणि ते त्यांच्या गावी, एकोडीला. तिथे घराच्या पडवीत त्यांनी कॉम्प्युटर जुळवायला सुरुवात केली. दुकान नाही, पाटी नाही. तालुक्यात कोणी विचारलं की लोक सांगत, एकोडीच्या लांजेवारांकडे जा, कमी पैशात चांगलं करून देतात, फक्त घाई असेल तर जाऊ नका. मला घाई होती आणि मी गेले. तेवढी चूक माझी.

उंच, काटकुळा माणूस. मे महिन्यातसुद्धा शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. घड्याळ उजव्या मनगटावर आणि तबकडी आतल्या बाजूला, म्हणजे वेळ पाहताना ते हात असा उलटा करत की समोरच्याला वाटे, काहीतरी मागताहेत. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर "ठैरा जी" या दोन शब्दांनी सुरू होई आणि बऱ्याचदा तिथेच संपे. कारखान्यात बंद पडलेल्या मोटरीसमोर ते असेच उभे राहत, असं माझा नवरा सांगतो. सुपरवायझर मागे ओरडतोय, माल अडकलाय, आणि हे अर्धा तास नुसते बघताहेत. मी म्हटलं, मग काढून कसं टाकलं नाही? नवरा म्हणाला, "त्यानं हात लावलेली मोटर परत आली नाई ना कधी."

त्यांचं घराणं पाणकरांचं. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी सोडायचं आणि किती वेळ सोडायचं, हे ठरवणारी माणसं. त्यांचे वडील पाणी सोडायच्या आधी पाटाच्या कडेकडेने पार शेवटच्या धानाच्या बांधीपर्यंत चालत जात, तिथल्या चिखलात पाय घालून बघत, आणि परत येऊन मगच तुडूम, म्हणजे तलावाचं तोंड, उघडत. तोवर जवळच्या बांधीवाल्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी ऐकत नसत. हे मला हेमराजभाऊंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना वडिलांचं कौतुक वगैरे करायचं नव्हतं. पाणी असंच सोडतात, एवढी माहिती ते देत होते. प्रोसेसरही ते तसाच निवडत. आधी टोकापर्यंत चालत जायचं.

म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी येऊन अख्खा दिवस बसायचं. सकाळी मोपेडवर यायचं, येताना भाताचा आणि लाखोळीच्या वरणाचा डबा आणायचा, तुमच्या जुन्या मशीनशेजारी खुर्ची ओढून घ्यायची आणि तुम्ही काय करता ते वहीत लिहायचं. कुठे थांबावं लागलं, किती मिनिटं, त्या वेळात तुम्ही काय केलं. चहा विचारला तर नाही. त्यांचा नियम होता, त्यांनी जुळवलेलं मशीन चालू होऊन कामाला लागल्याशिवाय त्या घरी चहा घ्यायचा नाही. हा नियम चांगला वाटतो, पण दिवसभर घरात बसलेल्या पाहुण्याला चहा न देता स्वतः प्यायचा म्हणजे काय होतं, ते एकदा करून बघावं.

दुसरी एक सवय लोकांच्या जास्त लक्षात राहिली. मदरबोर्डला हात लावण्याआधी ते नेहमी खिडकीच्या गजाला किंवा लोखंडी खाटेच्या पायाला हात लावत. अंगातली वीज जमिनीत उतरून जावी, नाहीतर बोर्ड जळू शकतो, एवढंच कारण. पण ते कोणाला सांगत नसत. एका घरी त्यांनी तीन दिवस रोज येऊन त्याच गजाला हात लावला. चौथ्या दिवशी गेले तर गजाला हळदीकुंकू लागलेलं आणि झेंडूचं एक फूल खोचलेलं. घरातल्या म्हातारीला वाटलं होतं, भाऊ कामाआधी नमस्कार करतात, आपणही करावा. त्यांनी फूल बाजूला केलं, गजाला हात लावला, आणि बोटाला लागलेलं कुंकू बोर्डवर जाऊ नये म्हणून हात धुऊन आले. मग हात ओला म्हणून वाळेपर्यंत थांबले. मग पुन्हा गजाला हात लावला. त्या म्हातारीची श्रद्धा त्यामुळे इतकी वाढली की तो गज तिथे अजून पुजला जातो, असं म्हणतात. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "गज चांगला हाय जी तो. जमिनीपर्यंत गेलेला हाय."

लाखनीकडच्या एका राइस मिलवाल्याची गोष्ट मात्र मला स्वतःला माहीत आहे, कारण त्याच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग माझं होतं. त्याच्या साळ्याकडे बारा थ्रेडचा कॉम्प्युटर होता, म्हणून याला सोळाचा हवा होता. भाऊ एक दिवस मिलमध्ये बसून आले आणि म्हणाले, तुमचं काम बिलं छापायचं, त्याला सगळ्यात लहान प्रोसेसर पुरे, उरलेल्या पैशात चांगला प्रिंटर घ्या. मिलवाला रागावला. नागपूरला जाऊन सोळा थ्रेडचा घेऊन आला. सहा महिन्यांनी प्रिंटर बिघडला तेव्हा भाऊंनाच बोलावलं, आणि भाऊंनी जाता जाता प्रोसेसर किती वापरला जातो त्याचा आलेख पडद्यावर उघडून दाखवला. तीन टक्के. मिलवाल्याने पाहिलं आणि आलेल्या चार लोकांना अभिमानाने सांगायला लागला, "पाहा, किती दम हाय, तीन टक्क्यांतच काम निपटवते." हे मला सांगताना भाऊंना हसूही आलं नाही. मिलवाल्याचा हिशेब कुठे चुकतो, यावर ते खरोखर विचार करत होते.

अशा माणसाकडे मी गेले.

पहिल्या दिवशी ते आले, बसले, लिहिलं, निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी फोन केला की ठरलं का. नाही ठरलं. चौथ्या दिवशी मी सरळ विचारलं की निदान किती थ्रेडचा घ्यायचा ते तरी सांगा, बाकीचं सामान मी बघायला लागते. तेव्हा त्यांनी मला रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, उदाहरण दिलं. धानाच्या रोवण्याला सहा बाया लावल्या. प्रत्येक बाईला मागून कोणी रोपांच्या पेंढ्या देत राहिलं तर तिचा हात रिकामा राहत नाही, एक हात पेंढी धरतो, दुसरा रोवतो. सहा कोर, बारा थ्रेड म्हणजे असं. सहा बाया, बारा हात. "पन वयनी, बारा हात म्हणून बारा बाया नाई समजायच्या. दुकानदार बारा बाया सांगते."

मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या सगळ्या उदाहरणांत काम बायाच काहून करतात? दोन दिवसांनी भर दुपारी फोन आला. मला वाटलं प्रोसेसर ठरला. "ठैरा जी. तुमी म्हणलं त्याच्यावर इचार केला. बरोबर हाय तुमचं. पन माणसं रोवणा करत नाईत ना, मी काय करू?" एवढं बोलून फोन ठेवला.

आणि मग तो प्रश्न सुरू झाला. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन. प्रोसेसरचं नाव नाही, किमतीचं नाव नाही. "वयनी, आज लाईन कधी गेली?"

आमच्याकडे वीज गेली म्हणत नाहीत, लाईन गेली म्हणतात, आणि ती जातेच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. पहिले दोन दिवस मी नीट सांगितलं. गेली दोनला, आली तीनला. मग सांगितलं, लक्ष नव्हतं. मग त्यांनी विचारलं, लक्ष काहून नव्हतं? मी त्यांना ऐकवलं की मी प्रोसेसर विचारून राहिली आणि तुम्ही लाईन विचारून राहिले, तुम्ही वीज कंपनीत लागलात का? ते म्हणाले, "नाई जी," आणि थांबले. मग पुन्हा, "दोनला गेली म्हणता, का दोन वाजून दहाला?" नवरा शेजारी बसून हसत होता. त्याला विचारलं तर म्हणतो, सांगून टाक ना, तुझं काय जाते. माझं काय जात होतं ते मी त्याला सांगितलं. हंगाम जात होता.

पाडवा झाला, भाऊबीज झाली. नाटकाचा पहिला प्रयोग चार दिवसांवर आला. बाविसाव्या दिवशी मी एकोडीला फोन केला आणि आज सांगा म्हटलं. ते म्हणाले, अजून आठ दिवस द्या, महिना पुरा होऊ द्या. मी फोन ठेवला, पिशवी घेतली आणि नागपूरची बस धरली.

नागपूरच्या दुकानात मला एका तासात मिळालं ते. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून उतरवलेला जुना प्रोसेसर, चौदा कोर, अठ्ठावीस थ्रेड, आणि तोही माझ्या बजेटमध्ये, वेगळ्या ग्राफिक्स कार्डासकट. दुकानदाराने काही फसवलं नाही. जे सांगितलं तेच दिलं आणि चालू करून दाखवलं. पडद्यावर आलेखाचे अठ्ठावीस चौकोन उघडले तेव्हा मला त्या मिलवाल्याचा आनंद समजला. स्टुडिओत आणून लावलं, एका जुन्या नाटकाची चाचणी घेतली. अकरा तासांचं काम पाच तासांवर आलं होतं. मी भाऊंना मुद्दाम बोलावलं. या, बघा, आणि आता तरी चहा घ्या.

ते आले. खिडकीच्या गजाला हात लावला, कॉम्प्युटरचा डबा उघडून आत बघितलं, पुन्हा बंद केला. चौकोनांकडे बराच वेळ पाहिलं. चांगला आहे म्हणाले. मग विचारलं, करंट किती घेते? मी म्हटलं, बिल मी भरते. मग त्यांनी माझ्या इन्व्हर्टरकडे पाहिलं, त्याच्या बॅटरीवर हात ठेवला, आणि विचारलं, "लाईन गेल्यावर किती वेळ चालन हे?" मी चहा टाकला. चहा होईपर्यंत ते चप्पल घालून उभे होते आणि न घेताच गेले. मशीन समोर धडधडत चालू होतं, आणि तरी या माणसाच्या लेखी ते चालू झालेलं नव्हतं. मला इतका राग आला की दोन्ही कप मीच प्यायले.

पहिल्या नाटकाचं काम जुळवून मी सकाळी दहाला रेंडर लावलं. पाच तास, म्हणजे तीनला हातात. दोनला लाईन गेली. इन्व्हर्टरने ओझं उचललं, आणि अर्ध्या तासाने किंचाळायला लागला. त्या अठ्ठावीस थ्रेडांची भूक अशी होती की जी बॅटरी जुन्या कॉम्प्युटरला दोन तास ओढायची, ती इथे चाळीस मिनिटांत आडवी झाली. रेंडर किती झालं ते दाखवणारी पट्टी ब्याण्णव टक्क्यांवर असताना पडदा काळा झाला. रेंडर मध्ये तुटलं की पुन्हा शून्यापासून. तीनला लाईन आली, मी पुन्हा लावलं. साडेसहाला पुन्हा गेली, बॅटरी अजून भरलेलीच नव्हती, आणि लाईन आली ती थेट सकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बसायचं ठरवलं तर मंडळाने एका कॅमेऱ्याच्या फाईली बदलून पाठवल्या होत्या, त्या जुळवून सुरू करायला अकरा वाजले. दुपारी दोनला तेच.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. तो आवाज चढवत नाही, ते जास्त वाईट. पहिलं नाटक त्याने नागपूरच्या माणसाकडे पाठवलं होतं. दुसरं शुक्रवारी आहे म्हणाला. "ताई, हे बी असंच झालं तं बाकीचे अठरा प्रयोग मी त्याले देऊन टाकतो. राग नका मानू."

मी एकोडीला फोन लावला. मी काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, आणि शेवटी विचारलं, "आज दोनलाच गेली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोपेडवर आले. मागे दोरीने बांधलेलं खोकं, आणि ती वही. वही त्यांनी माझ्यासमोर उघडली. त्यात माझ्याच तोंडून निघालेले ते सगळे दिवस होते. लाईन कधी गेली, कधी आली, आणि मी "लक्ष नव्हतं" म्हटलं त्या दिवशीसुद्धा वेळ लिहिलेली होती, कारण त्या दिवशी त्यांनी शेजारच्या किराणावाल्याला विचारलं होतं. दुपारची वेळ जवळजवळ रोज तीच, दोनच्या पुढे-मागे पाच मिनिटं. ते एक दिवस मला न सांगता आमच्या गल्लीच्या मागे जाऊन बसले होते. तिथे आरा मशीन आहे, लाकूड कापायची. जेवणाची सुट्टी संपली की दोनला ती सुरू होते, गल्लीच्या जुन्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ओझं पडतं आणि फ्यूज उडतो. फ्यूज टाकायला माणूस येईपर्यंत तास. संध्याकाळी मशीन पुन्हा चालू झाली की पुन्हा, आणि तेव्हाचा फ्यूज कधी कधी सकाळीच टाकला जातो. म्हणजे टोकाच्या बांधीपर्यंत हा माणूस चालत गेला होता, आणि ती बांधी माझ्या स्टुडिओच्या मागच्या भिंतीला लागून होती. इतकी वर्षं मी त्या मशीनचा आवाज ऐकत आले आणि घड्याळ मात्र कधी पाहिलं नाही.

खोक्यात सहा कोरचा, बारा थ्रेडचा नवा प्रोसेसर होता. साधा, लहान. चित्र दाखवायची सोय त्याच्यातच, म्हणजे वेगळं कार्ड नको, आणि करंट मोठ्याच्या निम्म्याहून कमी. रॅमची एक मोठी पट्टी घेण्याऐवजी त्यांनी दोन लहान आणल्या होत्या. मी कारण विचारलं. एका पाटाने बारा बांध्यांना पाणी पोचत नाही म्हणाले, दोन पाट पाहिजेत. अठ्ठावीसवाला आपण वरठीला विकू, तिथे एक जण इमारतींची चित्रं करतो, त्याच्या गल्लीत लाईन जात नाही, त्याला तो सोन्यासारखा आहे.

"अना नाटक अख्खं नका लावू," ते म्हणाले. "चार अंक हायेत ना त्याचे? एकेक अंक वेगळा लावा. दीड तासात एक निघन. लाईन गेली तं एक अंक जाईल, नाटक नाई जाणार. मंग चारही जोडून टाका, जोडाले वीस मिनिटं नाई लागत."

हे तर माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरही करता आलं असतं. निदान पहिलं नाटक तरी गेलं नसतं. मी विचारलं, भाऊजी, हे तुमच्या ध्यानात कधी आलं? पहिल्याच दिवशी, म्हणाले.

"मंग मले तवाच काहून नाई सांगितलं?"

"तुमी प्रोसेसर इचारला होता, वयनी."

कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण माझ्या हातातच होतं. मी ते खाली ठेवलं, याचं श्रेय मला कोणी दिलेलं नाही.

शनिवारी दुसऱ्या नाटकाच्या फाईली आल्या. भाऊ सकाळपासून खुर्ची ओढून बसले होते, डबा शेजारी, घड्याळाचा हात उलटा करून मांडीवर. पहिला अंक एक तास वीस मिनिटांत निघाला. दुसरा थोडा लवकर. तिसरा मी एकला लावला आणि मुद्दाम लावला, कारण मला बघायचं होतं. मागे आरा मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, दिवे गेले, पंखा मंदावला. मी इन्व्हर्टरवरचा दिवा आणि पंखाही बंद केला. इन्व्हर्टर गुरगुरत होता. पट्टी ऐंशीवर, मग पंच्याऐंशीवर. मी पडद्यासमोर उभी होते. भाऊ पडद्याकडे बघतच नव्हते, ते मनगटाकडे बघत होते, जणू नाटक तिथे चाललंय. दोन वाजून वीस मिनिटांनी अंक पूर्ण झाल्याची खूण आली. इन्व्हर्टर अजून एकदाही किंचाळला नव्हता. भाऊंनी वहीत काहीतरी लिहिलं, टोपण लावलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"वयनी, चहा."

रविवारी दुपारी पूर्ण नाटक मॅनेजरकडे गेलं. हंगाम माझ्याकडे राहिला, आणि पुढचा पण राहिला. पण पहिलं नाटक गेलं ते गेलंच. त्या गावची मुलं ते नागपूरच्या माणसाच्या नावाने पाहतात. मी भाऊंना हे शनिवारी चहा देतानाच ऐकवलं. तुमचं उत्तर बरोबर निघालं, पण तीन आठवडे उशिरा निघालं, आणि उशिराचं बरोबर उत्तर गिऱ्हाइकाच्या काय कामाचं? ते ठैरा जी म्हणाले आणि कप संपवून गेले. नऊ दिवसांनी फोन आला. "ते पहिलं नाटक माह्यामुळं गेलं जी. अंकाचं मी आधी सांगाले पाहिजे होतं. आज लाईन कधी गेली?"

त्यानंतर दोन वर्षं ते अधूनमधून येत राहिले. डीपीबद्दल त्यांनी अर्ज लिहून दिला, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या मी घेतल्या, आणि एकदाचा नवा ट्रान्सफॉर्मर बसला. लाईन जाणं कमी झालं, बंद झालं नाही. माझं मशीन अजून तेच आहे, बारा हातांचं. त्याला काही झालेलं नाही, म्हणून त्यांना बोलवायचं कारणही पडत नव्हतं. मग कळलं की मुलगा त्यांना पुण्याला नेतोय, डोळ्यांचं काहीतरी आहे, इथे एकट्याचं जमणार नाही. त्यांनी सामान गावातच वाटून टाकलं. स्वतःच्या घरात त्यांच्याकडे कसला कॉम्प्युटर होता, हे मला तेव्हा कळलं. दोन कोरचा, कुठल्या तरी शाळेने टाकून दिलेला. त्यावर ते काय करत, विचारलं तर मुलगा म्हणाला, काही नाही, फक्त घड्याळ लावून ठेवलेलं असायचं.

वरठीच्या स्टेशनावर मी त्यांना शेवटचं पाहिलं. नवऱ्याने भेटून येऊ म्हटलं म्हणून गेले. दुपारची गाडी होती आणि ती उशिरा होती. भाऊ फलाटावरच्या बाकावर बसले होते, गळ्याचं बटण लावलेलं, मांडीवर वही. मुलगा खोकी मोजत होता. नवऱ्याने चहा आणला. भाऊंनी हात जोडले. "पोचल्यावर," म्हणाले. गाडी किती उशिरा आहे ते त्यांनी वहीत लिहिलं होतं, आणि फलाटावरच्या घड्याळात आणि त्यांच्या घड्याळात दोन मिनिटांचा फरक आहे, तेही. मी म्हटलं, आता तिथे काय लिहाल, पुण्यात लाईन जात नाही म्हणतात. मला वाटलं, उगाच बोलले.

मग त्यांनी मान वळवली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, माझ्या डाव्या खांद्याकडे बघून बोलले.

"आज कधी गेली?"

"अकरा वाजून दहाला," मी म्हटलं. "आली अकरा बत्तीसला."

हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. भाऊंनी वही उघडली, नाकाजवळ धरून लिहून घेतलं. गाडी आली तेव्हा त्यांनी आधी डब्याच्या दाराशेजारच्या लोखंडी दांडीला हात लावला, नीट, क्षणभर थांबून, आणि मग वर चढले.